वेलची, वेलदोडा आणि चुकीच्या फोल्डरमध्ये पडलेले नातेवाईक

आजचा भाग एका फसलेल्या श्रीखंडापासून सुरू होतो.

गुढीपाडव्याला पुण्याच्या फ्लॅटवर आम्ही तिघांनी ठरवलं की विकतचं आणायचं नाही, चक्का आणून घरीच करायचं. आईला फोन लावला. आई म्हणाली, "अरे, शेवटी वेलदोड्याची पूड घाल, म्हणजे झालं." मी अ‍ॅपवर 'वेलदोडा' टाइप केलं, समोर जे आलं ते मागवलं. दहा मिनिटांत पाकीट दारात. आत तपकिरी, जाडजूड, सुरकुतलेली फळं. मला वाटलं, असेल काही भारी क्वालिटी. सोलली, कुटली, घातली. पहिला चमचा तोंडात टाकला आणि तिघंही गप्प. श्रीखंडाला चुलीच्या धुराचा वास येत होता.

आईला फोटो पाठवला तर ती पाच मिनिटं हसत होती. "अरे, ती मसाल्याची! पुलावात घालतात ती. आपला वेलदोडा म्हणजे हिरवा." आता यात गंमत अशी की आमचा रूममेट म्हणाला, त्याच्या घरी उलटं आहे. हिरवी ती वेलची, आणि वेलदोडा म्हणजे ही काळी मोठी. म्हणजे अ‍ॅपवाल्याचं तसं काही चुकलं नव्हतं. दोन घरं, एक शब्द, दोन वेगळ्या वस्तू.

मग मला प्रश्न पडला. या दोन्हींना आपण 'वेलची' का म्हणतो? छोटी आणि मोठी, म्हणजे एकाच झाडाचे दोन साइझ आहेत का, आंब्यात असतात तसे? उत्तर आहे, नाही. आणि हे 'नाही' शोधायला वनस्पतीशास्त्राला अडीचशेहून जास्त वर्षं लागली. ते काम अजूनही संपलेलं नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. वेलची वेलीला येत नाही. नावात 'वेल' आहे म्हणून मीही लहानपणापासून मिरीसारखी झाडावर चढणारी वेल डोळ्यासमोर आणायचो. पण हा 'वेल' आला आहे संस्कृत 'एला'वरून. तमिळ-मल्याळममध्ये तिला 'एलम्' म्हणतात. एलाची झाली वेलची. आणि दोडा म्हणजे बोंड, बिया असलेलं सुकं फळ. वेलदोडा म्हणजे एलाचं बोंड, इतका साधा शब्द आहे तो.

मग झाड दिसतं कसं? हळदीचं शेत पाहिलं असेल, सांगलीकडच्यांनी तर नक्कीच, तर ते डोळ्यासमोर आणा आणि उंची दोन ते चार मीटर करा. लांब पानं, दोन बाजूंना दोन ओळींत. मध्ये जे खोड दिसतं ते खरं खोड नसतं. पानांचे देठ एकमेकांभोवती गुंडाळून केलेली ती नुसती सुरळी असते, केळीसारखी. खरं खोड जमिनीत आडवं पसरलेलं असतं, आल्याच्या गड्ड्यासारखं, फक्त आल्याइतकं मांसल नाही, चिवट आणि तंतुमय.

पण खरी मजा फुलाची. आपण फुलं शोधायला वर बघू. वेलचीत खाली बघायचं. फुलांचा दांडा जमिनीलगत, झाडाच्या बुडातून निघतो आणि काही वाणांमध्ये सरळ जमिनीवर लोळत पसरतो. म्हणून वेलची तोडणारे लोक, त्यात बायकाच जास्त, दिवसभर वाकून किंवा बसून काम करतात. फळं एकाच वेळी पिकत नाहीत, त्यामुळे त्याच झाडाशी पुन:पुन्हा यावं लागतं. ती महाग का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

या दांड्याच्या ठेवणीवरूनच लागवडीतले तीन जुने प्रकार ओळखतात. जमिनीवर लोळणारा तो मलबार, ताठ उभा राहणारा तो म्हैसूर, आणि अर्धवट वाकलेला तो वळुक्का. तिन्ही एकाच जातीचे. हा भेद भावाभावांमधला आहे, दोन कुटुंबांमधला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता फूल जवळून बघा. पांढरं, आणि मध्ये एक रुंद ओठासारखा भाग, त्यावर जांभळट रेघा. कुणीही म्हणेल, ही पाकळी. पण ती पाकळी नाही. ते पुंकेसर आहेत!

थोडं थांबून समजावतो, कारण अख्ख्या आलं-कुळाची ओळख याच जागी आहे. या सगळ्या झाडांच्या पूर्वजाला ६ पुंकेसर होते असं मानतात. पुंकेसर म्हणजे पराग तयार करणारे नर भाग. केळफुलाची भाजी करताना घरात कुणी प्रत्येक फुलातून कडक काडी काढत बसलेलं पाहिलंय? ती काडी म्हणजे मादी भाग, आणि तिच्याभोवती साधारण ५ पुंकेसर उभे असतात. केळ ही वेलचीची लांबची नातेवाईक, एकाच गणातली. (वसईकडची 'वेलची केळी' ऐकून हसू नका, नावाचा योगायोग असला तरी नातं खरं आहे.) पुढे वेलचीच्या कुळात आलं की ६ चा हिशोब असा होतो: १ पुंकेसर कामाचा उरला, २ एकत्र जुळून तो रंगीत ओठ झाला, २ बाजूला बारीकशा खुणा म्हणून शिल्लक आणि १ गायब. आणि आपल्या अंगणातली कर्दळ? तिच्यात अर्धाच पुंकेसर कामाचा. खरंच अर्धा, एका रंगीत पट्टीच्या कडेला चिकटलेला.

हे घरबसल्या बघायचं असेल तर सोनटक्का घ्या. तोही याच कुळातला. त्याची जी मोठी, पांढरी, सुगंधी 'पाकळ्यां'ची फुलपाखरासारखी रचना आपण केसात माळतो, ते सगळे रूप बदललेले पुंकेसर. खऱ्या पाकळ्या म्हणजे खालच्या बारीक, लोंबणाऱ्या पट्ट्या, ज्यांच्याकडे आपण बघतही नाही. मला हे कळलं त्या दिवशी मी सोसायटीच्या बागेतलं एक फूल तोडून सुटं केलं आणि वॉचमनकाकांच्या शिव्या खाल्ल्या.

वेलचीचा ओठ मधमाशीसाठी विमानतळ आहे. जांभळ्या रेघा म्हणजे धावपट्टीवरच्या खुणा. फूल पहाटे उमलतं आणि एका दिवसाचंच असतं. त्या दिवसात सातेरी, आग्या किंवा छोटी डंखहीन माशी आली तर फळ, नाही तर फूल वाया. मादी भागाचा दोरा त्या एकुलत्या पुंकेसराच्या दोन कप्प्यांच्या मधून वर येतो, त्यामुळे आत शिरणारी माशी एका फेरीत दोन्हींना घासून जाते.

फळाचे आत तीन कप्पे, त्यात १५-२० बिया. ओल्या फळातली प्रत्येक बी एका पातळ, चिकट, गोडसर पापुद्र्यात असते. वास जवळजवळ सगळा बियांमध्ये. सालीत फार काही नाही, म्हणून चहात नुसती साल टाकून काटकसर करणाऱ्यांना माझा नमस्कार. त्या वासात दोन मोठे खेळाडू आहेत. एक सिनिओल, तेच जे निलगिरीच्या तेलात भरपूर असतं. ते नाकात गार झिणझिण्या आणतं. दुसरं टर्पिनिल अ‍ॅसिटेट, जे गोडवा आणि फुलांसारखा सुवास देतं. हिरव्या वेलचीत दोन्ही भरपूर. मोठ्या वेलचीत सिनिओलचंच राज्य, गोडवा देणारं दुसरं नगण्य. माझ्या श्रीखंडाचं काय झालं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. धुराचा वास तर झाडाचा नव्हताच. मोठी वेलची पारंपरिक पद्धतीत भट्टीवर, लाकडाच्या धगीत वाळवतात, त्याचा तो वास.

बरं, आता वर्गीकरण. इथे मी जरा रमणार आहे, कारण हा प्रकार माझ्या रोजच्या नोकरीसारखा आहे.

१७५३ साली लिनियसने जगातल्या झाडांची मोठी यादी छापली. त्याची पद्धत पुंकेसर मोजायची. एक पुंकेसर असलेली झाडं पहिल्या वर्गात, त्यामुळे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कर्दळ, आलं आणि वेलची एकत्र आली. आल्याला त्याने नाव दिलं अमोमम झिंजिबर, वेलचीला अमोमम कार्डामोमम. म्हणजे दोघी एकाच प्रजातीत. (शाळेच्या मराठीत एक घोळ आहे तो सांगून ठेवतो. शास्त्रीय मराठीत 'प्रजाती' म्हणजे वरचा गट आणि 'जाती' म्हणजे त्यातलं एकेक झाड. बातम्यांमध्ये सर्रास उलटं लिहितात. मी प्रजाती म्हणजे फोल्डर, जाती म्हणजे फाइल असं लक्षात ठेवतो.)

पण वेलचीची नीट पाहणी त्याआधीच झाली होती, तीही मलबारच्या किनाऱ्यावर. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक फान ऱ्हेडे याने 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा १२ खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ दरम्यान अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. झाडांची माहिती दिली इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याने, आणि त्याच्या जोडीला होते रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट, हे कोचीनला स्थायिक झालेले तीन कोंकणी ब्राह्मण. पहिल्या खंडात त्यांची साक्ष कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेली आहे. सतराव्या शतकात, अ‍ॅम्स्टरडॅमच्या छापखान्यात, आपली अक्षरं! मी तो स्कॅन झूम करून वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं ओळखीची वाटतात आणि तरी हळूहळू लावावी लागतात.

या ग्रंथाच्या अकराव्या खंडात, १६९२ साली, वेलची आली तिच्या मल्याळम नावाने: एलेट्टारी. पुढे १८११ मध्ये विल्यम मेटन या इंग्रजाने म्हटलं की हिला अमोमममध्ये ठेवणं बरोबर नाही, हिला स्वतःचं फोल्डर हवं. आणि नाव त्याने लॅटिन शोधलं नाही, मलबारचंच उचललं. म्हणून आज जगभर तिचं शास्त्रीय नाव एलेट्टारिया कार्डामोमम. पुढचा अर्धा भाग मल्याळम, मागचा ग्रीक-लॅटिन.

वेलची सुटली, पण अमोमम तसंच राहिलं. तुमच्यापैकी कुणी कोड लिहीत असेल तर 'युटिल्स' नावाचं फोल्डर माहीत असेल. जे कुठेच बसत नाही ते तिथे टाकायचं, नंतर बघू म्हणायचं, आणि ते नंतर कधी येत नाही. अमोमम हे आलं-कुळाचं युटिल्स होतं. दांडा जमिनीतून येतो, फळ बोंडासारखं, बिया वासाच्या? टाका अमोमममध्ये. हिमालयापासून इंडोनेशियापर्यंत शेकडो जाती तिथे जमा झाल्या. त्यात आपली मोठी वेलची होती, अमोमम सुब्युलाटम. सिक्कीम, दार्जिलिंग, नेपाळ, भूतानची ही. तिथे उत्तीसच्या झाडांच्या सावलीत लावतात, आणि तिच्या पिवळसर फुलांना भुंगमाशी लागते. चिनी स्वयंपाकातली त्साओ-को त्यातच होती, आणि थायलंड-कंबोडियाकडची गोल पांढरी वेलचीही त्यातच.

मग डीएनए आला. २००२ मध्ये क्रेस, प्रिन्स आणि विल्यम्स या तिघांनी आलं-कुळाचं नवं झाड मांडलं. कुळाचे ४ उपकुळं झाली. आलं, हळद आणि सोनटक्का एका उपकुळात, वेलच्या दुसऱ्यात. म्हणजे लिनियसने एका फोल्डरमध्ये ठेवलेली आलं आणि वेलची प्रत्यक्षात एकमेकांपासून बऱ्याच दूर निघाल्या. याचा पुरावा डोळ्यांनीही दिसतो, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. कुंडीतलं आलं बघा. गड्डा ज्या दिशेला पसरतो त्याच दिशेत पानांच्या दोन ओळी असतात. वेलचीकडच्या उपकुळात पानांच्या ओळी गड्ड्याच्या दिशेला आडव्या, काटकोनात. शिवाय हळद-आलं हिवाळ्यात पानं वाळवून झोपी जातात. वेलची बारमाही हिरवी.

२००८ ते २०१८ च्या दशकात मी शाळेतून नोकरीपर्यंत पोचलो, आणि तिकडे अमोममचं रिफॅक्टरिंग चाललं होतं. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं की हे फोल्डर म्हणजे एक कुटुंब नाहीच. सारखी दिसणारी फळं वेगवेगळ्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे तयार झाली होती. मग त्साओ-को लँक्सँगिया या प्रजातीत गेली, गोल पांढरी वेलची वुर्फबाइनियामध्ये. मोठी वेलची मात्र अमोमममध्येच राहिली, कारण ते नावच तिच्यावर बांधलेलं आहे. ती त्या फोल्डरची मालकीण.

म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: छोटी आणि मोठी वेलची एकाच उपकुळातल्या, अगदी एकाच टोळीतल्या, पण सख्ख्या नाहीत, चुलतही नाहीत. पश्चिम आफ्रिकेतले तिखट 'स्वर्गाचे दाणे' आणि इथिओपियाची कोरारिमा, ज्यांनाही लोक वेलची म्हणतात, त्या आफ्रामोमम या तिसऱ्याच शाखेवर. दुकानात मिळणारी पांढरीफटक लांबट वेलची मात्र वेगळी जात नाही. ती आपली हिरवीच, गंधकाच्या धुरीने किंवा रसायनाने रंग उडवलेली.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे रे, नावं बदलली, आमच्या चहाला काय फरक? मीही तेच म्हणालो असतो. पण वेलचीच्या बाबतीत चुकीच्या फोल्डरची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागू शकते.

केरळच्या इडुक्की जिल्ह्यात, वेलचीच्या डोंगरांवर, आज मोठ्या प्रमाणावर एकच वाण दिसतो: न्यल्लानी. एका स्थानिक शेतकरी कुटुंबाने निवडलेला, भरघोस पिकणारा. त्याची रोपं बियांपासून नाही, फुटव्यांपासून करतात. म्हणजे सगळ्या कॉपी. एकाला जे झेपत नाही ते कुणालाच झेपत नाही. वेलचीला 'कट्टे' नावाचा विषाणूजन्य रोग आहे, पानांवर फिकट रेघा येतात आणि झाड खुरटत जातं. तो बियांतून पसरत नाही, पण रोगट फुटव्यांमधून पसरतो, आणि मावा कीड तो पसरवते. (त्या माव्याचीही अशीच गोष्ट. वेलचीवरचा आणि केळीवरचा मावा एकच समजत होते, आता त्या दोन जाती मानतात.) त्यात वेलचीला सावली, गारवा आणि भरपूर पाऊस हवा. २०२४ च्या उन्हाळ्यात इडुक्कीत वेलचीचे मळेच्या मळे होरपळले.

अशा वेळी वाण सुधारणारे लोक जंगली नातेवाईक शोधतात. कुणी दुष्काळ सोसणारं, कुणी रोग सोसणारं. पण नातेवाईक कोण? आतापर्यंतची यादी सांगत होती की एलेट्टारियाच्या बाकीच्या बहुतेक जाती बोर्निओ, सुमात्रा आणि मलाय द्वीपकल्पात आहेत. २०१८ मध्ये डीएनएने सांगितलं, त्या नात्यातल्याच नाहीत. त्यांना सुलेट्टारिया नावाचं वेगळं फोल्डर मिळालं. वेलची जवळजवळ एकटी पडली.

आणि मग २०२५ मध्ये कथेला वळण. खरे नातेवाईक दक्षिण भारत आणि श्रीलंकेतच निघाले, इतकी वर्षं अल्पिनिया या दुसऱ्याच प्रजातीच्या नावाखाली. अशा चार जाती एलेट्टारियात आणल्या गेल्या, आणि केरळच्या डोंगरांतल्या दोन नव्या जातींना नावं मिळाली, एलेट्टारिया फॅसिफेरा आणि एलेट्टारिया ट्युलिपिफेरा. लोक बोर्निओकडे बघत होते आणि मावसबहिणी मळ्याच्या वरच्या जंगलात उभ्या होत्या. त्यांच्याशी संकर होईल का, त्यांच्यात उपयोगाचं काही आहे का, हे पुढचे प्रश्न. पण निदान दार कुठल्या घराचं ठोठवायचं ते तरी कळलं. आणि ती जंगलं राहिली पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको. मावसबहिणींचे फुटवे कुठल्याच नर्सरीत मिळत नाहीत.

जाता जाता: जगात सगळ्यात जास्त वेलची आज भारतात पिकत नाही, ग्वाटेमालात पिकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जर्मन कॉफी-मळेवाल्याने ती नेऊन लावली. तिकडच्या जंगलात तिचा एकही जंगली नातेवाईक नाही.

अ‍ॅपवर मागवताना मी आता 'हिरवी वेलची' असं लिहितो. उरलेली मोठी वेलची अजून डब्यात आहे, रविवारी मसालेभातात जाते. आणि ते श्रीखंड? टाकलं नाही आम्ही. तिसऱ्या दिवशी रूममेटने पोळीला लावून संपवलं, म्हणाला, बार्बेक्यू फ्लेवर समजायचं.